कबड्डीच्या यादीखाली सुभद्राबाई

सदर, नागपूर
१२ मे २०२५

मयुरा,

अर्जाच्या डोक्यावर 'महोदय' टाईप करायची माह्या बोटाईले एवढी सवय आहे का कोऱ्या कागदावर तुहं नाव लिवताना हात अडखळला. फोन केला असता, पण माहा नंबर दिसला का तू उचलत नाहीस, हे चार वर्षांत मले समजून गेलं. बंगलोरचा पत्ता तुह्या आईच्या डायरीतून चोरला. तिले सांगू नको.

दिवसभर दुकानात बसून लोकाईसाठी 'उपरोक्त विषयास अनुसरून' करतो. तुले लिवताना तरी घरचं बोलतो. अन् हे पण सांगून ठेवतो का काम आहे म्हणून लिवून राहिलो. तुह्या चुलत बहिणीच्या, अश्लेषाच्या, साक्षगंधात अंगठ्या झाल्यावर तू भरल्या ताटावरून उठून गेली, त्याच्यावर मी एक शब्द लिवणार नाही.

काम असं आहे. सुभद्राबाई म्हणून एक बाई आहे, त्रेसष्ट वर्षाची. कळमन्याच्या मिरची बाजारात देठं तोडायले जाते. दुकानात आली का मले शिंका येते, एवढी मिरची तिच्या लुगड्यात असते. नवऱ्यानं टाकली तवा ती माहेरच्या गावाले आली, अन् भावाच्या घरात न राहता बाजूले सोताचं घर बांधून राहिली. पुढं ते गाव धरणात गेलं. बुडायच्या आधी, १९९९ मध्ये, ग्रामसभेनं एकेचाळीस कुटुंबाची यादी केली. त्यात एकोणतिसाव्या नंबरावर सुभद्राबाई, वेगळं कुटुंब म्हणून. त्या यादीवर तिले नव्या वस्तीत जागा भेटली. तिनं दोन खोल्या बांधल्या, अंगणात कढीपत्ता लावला, पंचवीस वर्षं राहिली.

आता वस्तीतल्या लोकाईले जागेचे पक्के पट्टे देऊन राहिले. अन् पुनर्वसनाचं ऑफिस म्हणते, जुनी यादी आमच्याकडं नाही. मागून जी यादी झाली त्यात ही बाई भावाच्या कुटुंबात आहे, म्हणजे हिची जागा जास्तीची. सोळा जूनले सुनावणी आहे. तोवर जुन्या यादीची सही-शिक्क्याची प्रत आणा, नाही तं जागा खाली करा.

ती यादी माह्या दुकानात टाईप झाली होती, पोरी. बाईले पक्कं याद आहे. सरपंचासोबत आली होती अन् माह्या बाकड्यावर बसून म्हणे, माहं नाव माह्यासमोर टाका. आता टाईप केलेली फाईल काही पुरावा नाही, हे मलेही समजते. पण फाईल भेटली तं तिच्यावरून असली कागद कुठी गेला ते समजन. मी छाती ठोकून सांगतलं, बाई, लांजेवार टायपिंगमधून एक फाईल कधी हरवली नाही. त्रेचाळीस हजार फायली या मशीनमधून त्या मशीनमध्ये नेत आलो.

गंमत अशी का जुन्या मशीनवर नावाले आठच अक्षरं भेटायची. मंग मी कोणतीले 'नवा' म्हटलं, कोणतीले 'नवानवा', 'पक्का', 'पक्का२', 'टकलेसर'. सुभद्राबाईच्या गावची कोणती ते देव जाणे. एकेक उघडून पाह्यली. दोन दिवसांत तीनशे झाल्या. असं तं पुढची होळी येईन.

तवा तुहं ते हुडक आठवलं, तू बनवलेला प्रोग्राम. एक शब्द द्या, ते हजारो फायलींच्या पोटात शिरून तो शब्द कुठी कुठी आहे ते सांगते, अन् जगात कोणीही ते तसंच घेऊन वापरावं, असं तू त्या वक्ती जेवताना सांगत होती. मी पेपर वाचत होतो, पण ऐकत होतो.

उत्तर नाही दिलं तरी चालन.

बाबा


१७ मे

मयुरा,

तुहं हुडक मशीनवर टाकलं. कोणाची मदत घेतली नाही. तुम्हा पोट्ट्याईले वाटते का काळी स्क्रीन तुमच्या पिढीनं शोधली. मी डॉसवर शिकलो, बाई. माऊस काय असते ते मले तुह्या जन्मानंतर समजलं. काळ्या पडद्यावर ते टिमटिम करणारं पाह्यलं अन् एकदम जवान झाल्यासारखं वाटलं.

मराठीत लिवलं, हुडक सुभद्रा. एन्टर मारलं. डोळा लवायच्या आत उत्तर आलं का काही भेटलं नाही. त्रेचाळीस हजार फायली अन् एका सेकंदात नाही. ऑफिसातला बाबूसुद्धा एवढ्या लवकर नाही म्हणत नाही, निदान चष्मा तरी पुसते.

पुन्हा केलं. सरपंचाचं नाव दिलं, गावाचं दिलं. नाही, नाही, नाही. मी म्हटलं, हे भैताड आहे, वाचतच नाही. तुह्या आईनं डब्बा पाठवला होता तो तसाच राह्यला. संध्याकाळी बेसा भागातल्या घरी गेलो अन् तिच्यासमोर तुह्या प्रोग्रामले दोन-चार शिव्या घातल्या. ती भाजी निवडत होती. म्हणे, "चार वर्षं पोरीचं नाव घेतलं नाही, अन् आता दिवसभर तिचंच घेऊन बसता. शिव्या घाला, पण नाव तं घेऊन राहिले."



सोबत वापरायची माहिती दिली आहे तुमी लोकाईनं, ती इंग्रजीत सतरा पानं. डिक्शनरी घेऊन नऊ झाली. लिवणाऱ्याले एक सांगू का, बरं लिवलं आहे. समोरच्याले येडं समजून लिवलं नाही. ते तूच लिवलं असशील, तं सांगून ठेवतो.

सुभद्राबाई बाजार सुटल्यावर रोज येते. विचारत नाही काही. बाकड्यावर बसते, पाणी पिते, माह्या तोंडाकडं पाह्यते अन् उठून जाते. त्याच्यापेक्षा विचारलेलं परवडलं असतं.

बाबा


२१ मे

मयुरा,

जमलं. अर्धं जमलं, पण आधी आनंदाचं सांगू दे.

आज सकाळी एक सरकारी अर्ज करत होतो. बोटं आपली चालून राहिली, डोकं दुसरीकडं. मधातच पाह्यलं तं फॉन्ट लावायचा राहून गेलता, अन् पडद्यावर सारी इंग्रजी अक्षराईची खिचडी. मिटवायले गेलो अन् हात थांबला. पोरी, त्या जुन्या काळी मशीनच्या पोटात मराठी होतीच कुठी? पोटात इंग्रजीच अक्षरं, अन् फॉन्ट त्याईले वरून मराठीचा सदरा घालून दाखवायचा. मी हुडकले सदऱ्याचं नाव देऊन राहिलो अन् ते आतलं अंग शोधून राहिलं. ते भैताड नव्हतं, मी होतो.

फॉन्ट काढून टाकला अन् डोळे मिटून बोटाईनं सुभद्रा लिवलं. पाह्यलं तं उतरलं होतं, लहान एल, क्यू, मोठा एच, के, एन, झेड, के. हे कोणत्या पुस्तकात नाही. ज्याच्या बोटाईत तो जुना कीबोर्ड बसला आहे त्यालेच हे येते, अन् सदरमध्ये असे आता किती राह्यले, मी अन् एक मारोतराव, त्याचेही हात कापते.

तीच सात अक्षरं हुडकले दिली. दोन सेकंद. तीनशे अठरा सुभद्रा. मी खुर्चीतून उठलो अन् कूलरवर असा हात मारला का पाणी उडालं. बाजूचा चहावाला कवडू धावत आला, त्याले वाटलं करंट लागला.

मंग बसून एकेक पाह्यली. राशनच्या अर्जातल्या सुभद्रा, लग्नपत्रिकेतल्या, तेरवीच्या चिठ्ठीतल्या, वारसाच्या प्रतिज्ञापत्रातल्या. एकीची नोकरीची अर्जी मी सात वेळा टाईप केली होती, आठव्यांदा तिनं आभाराचं पत्र करून नेलं. केवढं काम केलं आहे या बोटाईनं. माहं मलेच नवल वाटलं.

पण आपली सुभद्राबाई त्यात नाही. तिच्या भावाचं नाव दिलं, सरपंचाचं दिलं, सारं त्याच जुन्या पद्धतीनं. गावाची ती एकेचाळीस कुटुंबाची यादी कुठीच नाही. २००३ मध्ये मशीन बदलवलं तवा एका पोट्ट्यानं फायली इकडून तिकडं नेल्या होत्या. त्यानंच खाल्ली असन. सुभद्राबाईले मी तसंच सांगतलं.

बाबा


२६ मे

मयुरा,

त्या पोट्ट्यानं काही खाल्लं नाही. हे पत्र मी दोन वेळा फाडलं, आता पाठवून टाकतो.

काल 'पक्का२' नावाची फाईल उघडली. सदरच्या एका कबड्डी मंडळाची खेळाडूंची यादी. चौकटी आखलेल्या, नंबर टाकलेले, पहिला खेळाडू रुपराव, शेवटचा छत्तीसावा. अन् खाली नंबर सदतीस ते एकेचाळीस रिकामे. छत्तीस खेळाडूंसाठी एकेचाळीस घरं मी कायले आखीन?

आमच्या धंद्यात कोणी कोऱ्या पानावरून सुरू करत नाही, हे तुले लहानपणापासून माहीत आहे. गिऱ्हाईक आलं का तसाच जुना कागद उघडायचा, आधीच्याचं मिटवायचं, नव्याचं टाकायचं. वेगळं नाव देऊन ठेवा लागते. पण समोर आठ जण उभे असले का हात सवयीनं सेव्ह मारते, अन् आधीचा माणूस पुसला जाते. एकेचाळीस घरांच्या चौकटी आखायले मले तवा अर्धा दिवस लागला असन. दुसऱ्या हप्त्यात कबड्डीवाले आले, मी आयती चौकट उघडली, गावाची नावं मिटवली अन् खेळाडू टाकले. सुभद्राबाईच्या घराचा कागद मीच पुसला, सोताच्या हातानं.

अन् तिले सांगतलं नाही. आज ती बाकड्यावर बसली होती, मी मान वर केली नाही. तिनं पिशवीतून कढीपत्त्याची जुडी काढून टेबलावर ठेवली अन् गेली. तीन हप्ते राह्यले सुनावणीले.

एक चूक कबूल केली तं दुसरी पण करून टाकतो, नाही तं हिंमत जाईन. साक्षगंधाच्या पंगतीत तू उगीच उठली नव्हती. अश्लेषाच्या सासऱ्यानं विचारलं, तुमची पोरगी काय करते, अन् मी हसून म्हटलं, "चांगली नोकरी सोडली अन् बिनपगारी हमाली करते, दुनियेच्या फायली हुडकून देते." साऱ्या पंगतीले हसवलं मी. तू माह्याकडं पाह्यलं. मी पण हसतच होतो. तुह्या हातात पुरी होती, ती तू ताटात ठेवली अन् उठली. मले वाटलं हात धुवायले गेली. हे चार वर्षं मी कोणाले सांगतलं नाही, तुह्या आईलेही वेगळंच सांगतलं.

बाबा


३ जून

मयुरा,

बस आधी. भेटली. एकोणतीस नंबर, सुभद्राबाई, कुटुंबप्रमुख स्वतः, घर स्वतंत्र, चूल स्वतंत्र. माह्याच हातचं, माह्याच चौकटीत. मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं अन् खुर्चीत बसून रडलो. अन् आता दोन दिवस झाले तरी तोंडावरचं हसू जाऊन नाही राहिलं, गिऱ्हाईकं विचारते का नातू झाला काय.

आता तुले कसं सांगू ते समजत नाही. तुह्या हुडकच्या पानावर जिथं लोकं अडचणी लिवते, तठी सत्तावीस मेले एकानं लिवलं होतं का जुन्या कागदावर मी चुकून दुसरा कागद टाईप केला, खालचा मजकूर तुमच्या प्रोग्रामनं निघते का, एका बाईच्या घराचा प्रश्न आहे. मोडक्या इंग्रजीत. नाव कवडू, नागपूर.

तो मी. कवडूच्या फोनवरून खातं उघडलं. माह्या नावानं लिवलं तं तू वाचणार नाहीस असं वाटलं. कवडूले आधी विचारलं होतं. तो म्हणे, "लिवा न काका, आपलं नाव कुठी कोणी लिवते."

तू तीन घंट्यात उत्तर दिलं. तीन घंट्यात, पोरी. मी चार पत्रं पाठवली त्याले उत्तर नाही अन् कवडूले तीन घंट्यात, तेही 'कवडूजी' म्हणून. मले राग आला अन् लगेच गेला. तू लिवलं होतं का हुडक फाईलचा तोच मजकूर वाचते जो उघडल्यावर दिसते. पण जुने प्रोग्राम लवकर सेव्ह व्हावं म्हणून मिटवलेलं खरोखर मिटवत नव्हते, आत तसंच पडू देत होते, फक्त दाखवत नव्हते. म्हणून कच्ची फाईल आहे तशी वाचायले सांगा. एक डॅश द्या अन् लहान ए. आशा सोडू नका, पण भेटनच असंही नाही. येड्यालेही समजन असं लिवलं होतं.

मी दिलं. 'पक्का२' फाईल, एक डॅश, लहान ए, अन् ती सात अक्षरं.

एक ओळ आली. अर्ध्यात कचरा, चौकोनं, प्रश्नचिन्हं, अन् त्याच्या मधात एल, क्यू, मोठा एच. कबड्डीवाल्याईच्या खाली ती सव्वीस वर्षं तशीच बसली होती. मी पुन्हा कवडू होऊन तुले लिवलं का भेटलं, पण आजूबाजूचा कचरा काढता येते का, मले पूर्ण कागद पाह्यजे. तू विचारलं, बाईची तारीख कधी आहे. मी लिवलं, सोळा जून. तू लिवलं, दोन दिवस द्या.

अन् दोन दिवसांत नवं हुडक बाहेर काढलं. एका अनोळखी चहावाल्यासाठी तू दोन दिवस बसली. आता ते कचरा गाळून भवतालचा वाचण्यासारखा मजकूर सलग दाखवते. एकेचाळीसच्या एकेचाळीस नावं, ठरावाचा नंबर, तारीख, सारं. अन् त्या नव्या हुडकच्या माहितीत खाली लिवलं आहे, नागपूरच्या कवडू यांचे आभार. कवडूनं ते पान छापून चहाच्या टपरीवर चिकटवलं आहे. लिबर्टी टॉकीजपासूनची लोकं येऊन वाचून राहिली. मी तठी चहा पितो अन् गुपचूप बसतो.

सुभद्राबाईले खरं सांगतलं. माह्या चुकीपासून सारं. तिनं ऐकून घेतलं अन् म्हणे, "मले वाटलंच होतं, भाऊ. तुमी त्या दिवशी माह्याकडं पाहून नाही राहिले. पण कागद तुमीच काढला नं, मंग झालं."

आता असली कागदाचं ऐक. त्या मजकुराच्या पार शेवटी, आपण टायपिस्ट लोक कोणी वाचत नाही असं समजून घाईत ठोकतो ती ओळ होती, 'प्रतिलिपी माहितीसाठी'. तीन ठिकाणी प्रत गेली होती. दोन ऑफिसांचे उंबरे बाईनं वर्षभर झिजवले. तिसरं कोणाच्याच ध्यानात नव्हतं. तालुक्याचं मोजणी ऑफिस.

बाबा


१० जून

मयुरा,

हे धावतच लिवून राहिलो, पोस्ट बंद व्हायच्या आत टाकायचं आहे.

काल अन् आज सुभद्राबाईसोबत मोजणी ऑफिसात गेलो. तिनं दोन दिवस मिरची बुडवली. तठी एक पुष्कर म्हणून कारकून आहे, तुह्याच वयाचा. आधी म्हणे, सव्वीस वर्षं जुनं कोण शोधणार. मी ठरावाचा नंबर अन् तारीख समोर ठेवली. तो म्हणे, "एवढं नेमकं घेऊन कोणी येतच नाही हो काका. लोकं म्हणते, एक कागद होता." अन् उठला. सोताच शिडी लावली, लाल कापडाचे गठ्ठे काढले. चौथ्या गठ्ठ्यात होता. सरपंचाची सही, ग्रामसेवकाचा शिक्का, ऑफिसचा आवक शिक्का, अन् प्रत्येक नावासमोर अंगठा. एकेचाळीस ओळींत चाळीस अंगठे अन् एक सही. सही एकोणतिसाव्या ओळीत. बाई तवा चौथी शिकलेली होती अन् यादीतल्या लोकाईत तिलेच सही येत होती, असं तिनं मले आज सांगतलं. सहीवर तिनं बोट फिरवलं. मंग म्हणे, "लई वाकडी केली होती."

पुष्करनं साक्षांकित प्रत दिली. सोमवारी सुनावणी.

बाबा


१७ जून

मयुरा,

जिंकलो. काल साडेबाराले निकाल झाला. सुभद्राबाईचा पट्टा मंजूर, तिच्या एकटीच्या नावानं.

सविस्तर सांगतो, काहून का माह्या पोटात मावून नाही राहिलं.

उपजिल्हाधिकारी मॅडम होत्या, कडक. प्रत पाह्यली, शिक्का पाह्यला, भिंग घेऊन आवक नंबर पाह्यला. मंग ऑफिसच्या माणसाले विचारलं, हे तुमाले का भेटलं नाही. तो म्हणे, तिसऱ्या ठिकाणी प्रत गेल्याची नोंदच आमच्याकडं नाही. मॅडम म्हणे, मग यांना कुठून समजलं. अन् साऱ्याईनं माह्याकडं पाह्यलं.

मी लॅपटॉप नेला होता. म्हटलं, मॅडम, परवानगी असन तं दाखवतो. त्या म्हणे, दाखवा. आधी 'पक्का२' उघडून दाखवली, रुपराव अन् त्याचे पस्तीस खेळाडू. ऑफिसचा वकील हसायले लागला. मंग काळी स्क्रीन उघडली. हुडक, डॅश, लहान ए, सात अक्षरं, फाईलचं नाव. एन्टर. पूर्ण ठराव पडद्यावर आला, प्रतिलिपीच्या ओळीसकट. फॉन्ट लावला तशी एकेचाळीस नावं मराठीत उभी झाली. वकिलाचं हसू बंद. मॅडम खुर्चीतून उठून माह्या मागं येऊन उभ्या राह्यल्या, अन् दोन वेळा म्हणे, पुन्हा करून दाखवा. मी दोन्ही वेळा करून दाखवलं. तिसऱ्यांदा कोणी म्हटलं नाही तरी केलं.

मंग मॅडमनं तिथंच आदेश सांगायले सुरुवात केली, कारकून बाई टाईप करून राहिली. बाईचं नाव, जागेचा नंबर, मंजूर. सुभद्राबाई हात जोडून उभी होती, मॅडम म्हणे, बसा, तुमचंच घर आहे. तवा कुठी ती खाली बसली, अन् पदर तोंडाले लावून हसत होती का रडत होती ते मले दिसलं नाही. मीच नीट पाहू शकून नाही राहिलो.

त्यावर मॅडम म्हणे, शोध कसा लागला ते पण नोंदवा, अशी प्रकरणं अजून आहेत. हा प्रोग्राम कोणाचा?

मी म्हटलं, मयुरा मनोहर लांजेवार.

तुमची कोण?

मुलगी.

काय करतात?

पोरी, अठी मले तुले एक सांगा लागते. चार वर्षं झाली, मले कोणी विचारलं, पोरगी काय करते, तं मी सांगतो, बँकेत आहे, बंगलोरले. दुकानात, नात्यात, बेसातल्या शेजाऱ्याईले, साऱ्याईले. कवडूलेही. मले लाज वाटायची. नोकरी सोडून जगाले फुकट वाटते, हे सांगायची लाज. काल पण 'बँकेत' माह्या जिभेवर आलं होतं, सवयच ती. अन् समोर सुभद्राबाई बसली होती.

मी म्हटलं, "लिहून घ्या. हुडक नावाचा प्रोग्राम बनवते. पूर्ण बनवून उघडा ठेवते, जगात कोणालेही घेता येते. एक पैसा घेत नाही." कारकून बाईची बोटं थांबली. म्हणे, "एक पैसा नाही?" मी म्हटलं, "नाही. तसंच लिहा, माह्या पोरीनं ठरवलं आहे ते." अन् मॅडम म्हणे, तसंच लिहा.

मी चुकलो, मयुरा. त्या पंगतीत चुकलो अन् त्याच्यानंतर रोज चुकलो. हे मले टपालानं सांगा लागून राहिलं याचंही वाईट वाटते. तू फोन उचल का नको उचलू, तुही मर्जी, मी पत्रं लिवत राहीन.

आदेश छापून यायले अर्धा घंटा लागला. बाहेर व्हरांड्यात गर्दी होती. शिपाई दार उघडून कागद हातात घेऊन बाहेर आला, साक्षीदाराची सही पाह्यजे होती त्याले. त्यानं 'लांजेवार टायपिंग' म्हटलं नाही, मनोहररावही म्हटलं नाही. साऱ्या व्हरांड्याले ऐकू जाईन असं ओरडला, "मयुरा लांजेवारचे वडील कोण आहे?"

मी हात वर केला अन् म्हटलं, मी आहो.

बाबा